गधेगळ, एलबीडब्ल्यू आणि इतिहास मंडळाची सहल

श्रोतेहो, नमस्कार.

मला विषय दिलाय ‘वारसा मंडळांचे सामाजिक उपक्रम’ असा. भारदस्त आहे. साध्या भाषेत सांगायचं तर, गावोगावी जी इतिहासवेडी मंडळी असतात ना, ज्यांना घरचे ‘आले ते दगड बघणारे’ म्हणतात, ती एकत्र जमून काय करतात, कुठं जातात, त्याबद्दल बोलायचंय.

मंडळ काढणं अवघड नाही. १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याप्रमाणे कमीत कमी सात माणसं लागतात. सात. त्यातली दोन एकमेकांशी बोलत नसली तरी चालतात, सह्या असल्या म्हणजे झालं. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली निघालं, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या पुढाकारानं. जुन्या कागदांसाठी राजवाडे गावोगाव पायी हिंडत. आपली आजची छोटी छोटी मंडळं त्याच कुळातली, फक्त आपण बसनं हिंडतो आणि डबे सोबत नेतो.

वर्षभर काय चालतं? व्याख्यानं असतात, १८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो, नोव्हेंबरात १९ ते २५ वारसा सप्ताह असतो. या दिवशी सत्कार होतात. शाल, श्रीफळ, आणि ज्याचा सत्कार त्याला बोलायला पाच मिनिटं, जो सत्कार करतो त्याला पंचवीस. असो.

मला आवडतो तो कार्यक्रम वेगळाच. जुन्या फोटोंची संध्याकाळ. प्रत्येकानं घरातला एक जुना फोटो आणायचा आणि सगळ्यांनी मिळून तो बघायचा. आता फोटोतली माणसं बघायची नाहीत. माणसांच्या मागे काय आहे ते बघायचं. लग्नाच्या वरातीमागे पाडून टाकलेली वेस दिसते. मुंजीच्या फोटोत नदीचा घाट दिसतो, पायऱ्यांसकट. घाटाचा फोटो म्हणून कुणी काढलेला नसतो, पण मुंजीत तो सापडतो. आणि फोटोच्या पाठीवर नावं आणि साल लिहून ठेवा. पेन्सिलनं लिहा. बॉलपेन दाबून लिहिलं की पुढच्या बाजूला वळ उमटतो. पेन्सिलनं, हलक्या हातानं.

अलीकडे महाशिवरात्रीला बारवांमध्ये, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या दगडी विहिरींमध्ये, दिवे लावतात. गाळ आणि कचरा काढून बारव स्वच्छ करतात आणि मग दिवे. फार छान दिसतं. माझं म्हणणं एवढंच की पणतीखाली काहीतरी ठेवा. दगडात मुरलेलं तेल निघत नाही. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी लोक मान डोलावतात.

आता सहल. सहल म्हटली की पहिला वाद किल्ला की लेणी. त्यातच २०२५ साली मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंद आहेच. पण तेव्हापासून प्रत्येक मंडळाला त्या बारांपैकीच एकावर जायचं असतं, आणि आपल्याच तालुक्यातल्या वेशीबाहेरच्या वीरगळाकडे, म्हणजे लढताना पडलेल्या वीराच्या स्मारकशिळेकडे, कुणी ढुंकून बघत नाही. दुसरं म्हणजे फ्लेक्स. देवळासमोर फ्लेक्स धरून फोटो काढतात, त्यात देऊळ दिसत नाही, फ्लेक्स दिसतो. अंताक्षरीबद्दल मी काही बोलत नाही. प्रवासात खिडकीबाहेर बघण्यासारखं पुष्कळ असतं, एवढंच बोलतो.

बरं, आता तो किस्सा सांगतो. ज्यांनी आधी ऐकलाय त्यांनी तेवढ्यात चहा टाकून यावा.

फेब्रुवारीचे शेवटचे दिवस होते. उत्तर कोकणातलं, खाडीकाठचं एक गाव. नाव सांगत नाही, नाहीतर उद्या दोन बस भरून लोक जातील. आम्ही गेलो होतो गधेगळ बघायला. आता गधेगळ म्हणजे काय, ते कोकणातल्या श्रोत्यांना ठाऊक असेल. उभा दगड. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मधे लेख, खाली एक बाई आणि एक गाढव. कुणीतरी जमीन दान दिली, ते दान चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावं, आणि जो ते मोडेल त्याला आईवरून शिवी. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ती कळावी म्हणून चित्रात कोरलेली. काय शिवी ते रेडिओवर सांगता यायचं नाही. मुंबईत परळला सापडलेल्या, बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या लेखात तर दानाचा मजकूर संस्कृतात आहे आणि शिवी तेवढी मराठीत. ज्याला लागायला हवी त्याला लागावी, अशी सोय!

तर आमचा दगड वडाखाली उभा. तोंड दक्षिणेला. चंद्र-सूर्य आहेत, गाढव आहे, मधली पट्टी मात्र कोरी. आणि दगडासमोर गावातली पोरं क्रिकेट खेळत होती. दगड म्हणजे त्यांचे स्टंप.

आमचे एक ज्येष्ठ सभासद, त्यांना आपण भाऊ म्हणू. भाऊंनी खेळ थांबवला, पोरांना बाजूला बसवलं आणि भाषण सुरू केलं. हा गधेगळ निरक्षर आहे, म्हणजे यावर लेख कोरलेलाच नाही, असे दगडही असतात, वगैरे. ऐकणारे जरा हिरमुसले. अलिबागजवळच्या आक्षीचा लेख शके ९३४चा, म्हणजे इसवी सन १०१२चा, मराठीतल्या सगळ्यांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. हे कळल्यापासून कोकणात कुठलाही उभा दगड दिसला की आमच्या प्रत्येक सभासदाला वाटतं, हा आक्षीच्याही आधीचा निघणार.

एकानं खिशातून खडू काढला, दगडावर घासून बघावं म्हणून. आमच्यात मोडी शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांनी त्याचा हात तिथंच धरला. खडू दगडाला घासतो हे एक. आणि दुसरं, खडूनं तुम्ही दगडावरचं अक्षर रंगवत नाही, तुमच्या मनातलं अक्षर रंगवता. पुढच्या माणसाला मग तेच दिसतं.

तेवढ्यात एक पोरगा, असेल दहा-अकरा वर्षांचा, हातात बॅट, तो म्हणाला, “आता नाय दिसायची. संध्याकाळी येतात.”

भाऊंनी विचारलं, “कोण येतं?”

“अक्षरं. सूर्य बुडाला की जातात.”

वडाचं झाड, जुना दगड, संध्याकाळी काहीतरी येतं आणि जातं. झालं! भाऊंनी त्याला जवळ घेतलं, डोक्यावर हात ठेवला आणि भुताखेतांवर विश्वास कसा ठेवू नये यावर चांगलं व्याख्यान दिलं. पोरानं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “दगड कधी सोडताय? आमची बॅटिंग राहिलीय.”

आम्ही निघालो. निघालो म्हणजे बसपर्यंत गेलो. मागचं चाक बसलेलं. स्टेपनी काढली, तीही बसलेली. ड्रायव्हर कुणाच्या तरी मोटरसायकलवर चाक घेऊन पंक्चरवाल्याकडे गेला. मी डब्यांचा प्रमुख, त्यामुळे बसच्या सावलीत डब्यांना राखण करत बसलो. चार वाजले. पाच वाजले. अंताक्षरी संपली. मंडळी कंटाळली आणि एकेक करून पोरांच्या खेळात शिरली. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ फिल्डिंगला, बाई विकेटकीपर. भाऊंना अर्थातच अंपायर केलं.

सहाच्या सुमाराला ऊन उतरलं आणि पश्चिमेकडून, फांद्यांच्या खालून, आडवं आत आलं. बॅटिंगला तोच पोरगा. चेंडू पडला, आत वळला, पायाला लागला. सगळ्यांनी अपील केलं. भाऊंनी बोट वर केलं.

पोरगा चिडला. बाहेर जात होता, म्हणाला, आउट नाय! भाऊ बोट खाली घेईनात. अपील संपलं, पोरं भांडायला लागली, भाऊ तसेच बोट वर करून उभे. मग तेच बोट हळूहळू खाली आलं आणि दगडाकडे वळलं. कोऱ्या पट्टीवर आडव्या ओळी उठल्या होत्या.

बाई तर स्टंपांच्या मागेच उभ्या होत्या, म्हणजे दगडाच्या पाठीशी, त्यांना काहीच दिसत नव्हतं. त्या पुढे आल्या आणि तशाच गुडघ्यावर बसल्या. वाचलं, ‘स्वस्ति श्री’. पुढे ‘सकु’, म्हणजे शक. त्याच्या पुढचे आकडे झिजलेले. आकडेच झिजलेले! आमचं नशीब. मग दोन-तीन नावांचे तुकडे, मग खपली उडालेली. ऊन गेलं तशी अक्षरंही गेली, पोरानं सांगितलं होतं अगदी तशी. मग आम्ही बॅटरी बाजूनं धरून पुन्हा आणली.

हे नीट ऐका, कारण सगळी गंमत यातच आहे. उजेड समोरून टाकला की दगड सपाट दिसतो. सावलीतही सपाटच दिसतो. उजेड बाजूनं, दगडाला अगदी घासून गेल्यासारखा टाकला की खाचेची एक कड उजळते आणि दुसरीची सावली पडते. मग अक्षर उठतं. पुन्हा सांगतो, बॅटरी समोर नाही, बाजूला. वरून धरा, डावीकडून धरा, उजवीकडून धरा, प्रत्येक वेळी फोटो घ्या. एका फोटोत जी रेघ दिसत नाही ती दुसऱ्यात दिसते.

आणि भाऊंनी निर्णय फिरवला. नॉट आउट. पोरगा म्हणाला, “मी बोललो होतो.” क्रिकेटबद्दल की अक्षरांबद्दल, ते आम्ही विचारलं नाही.

पुढच्या वेळी गेलो तेव्हा पोरांना खरे स्टंप नेले. खजिनदारांनी ते वहीत ‘संवर्धन’ या सदराखाली लिहिले. स्टंप तीन, बेल्स दोन. हिशेब तपासणाऱ्यांनी विचारलं, हे काय? खजिनदार म्हणाले, प्राचीन शिलालेखाचं रक्षण. आणि खरंच आहे ते. दगडावर रोज बॉल आदळायचा, तो थांबला. पोरांनी नियमही केला, आता दगडाला चेंडू लागला तर बॅटिंग करणाऱ्या टीमचे पाच रन कमी. इतका कडक नियम मी कुठल्या संरक्षित स्मारकावर पाहिला नाही. तिथं निळा फलक असतो, शिक्षा लिहिलेली असते. स्मारक कशाचं, हे बऱ्याचदा लिहिलेलंच नसतं.

तर मुद्दा. मंडळांनो, नवं ठिकाण शोधत राहू नका, एकाच ठिकाणी दुसऱ्यांदा जा. वेगळ्या वेळी जा, वेगळ्या ऋतूत जा. उजनी धरणाच्या पाण्यात गेलेलं पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाणी उतरलं की वर दिसतं. पावसाळ्यात जाऊन काय बघाल? पाणी. गवत वाळल्यावर जोती दिसतात, पहिल्या पावसानंतर खापरं उघडी पडतात. आणि दुसऱ्यांदा गेलात की गावातली माणसं तुम्हाला ओळखतात. रस्ता रुंद करायला जेसीबी आला की त्यांच्यातलंच कुणीतरी तुम्हाला फोन करतं. आम्हाला आलाय तसा फोन, त्याच गावातून, त्याच पोराच्या मोठ्या भावाचा.

खापरांवरून आठवलं. सापडलेली वस्तू घरी आणू नका. जमिनीत पुरलेली, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, १८७८चा कायदा आहे तसा. दहा रुपये तेव्हाचे, आकडा अजून तोच. वस्तू जागच्या जागी ठेवा, फोटो काढा, फोटोत शेजारी पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो. पट्टी नसेल तर पेन ठेवा. चप्पल ठेवू नका, आमच्याकडे असे फोटो आलेत.

वर्गणी किती असावी, कार्यकारिणी कशी निवडावी आणि तरुण सभासद का टिकत नाहीत, हे तीन मुद्दे मी कागदावर लिहून आणले होते. ते राहिले. काचेपलीकडून मला घड्याळ दाखवतायत. पंक्चरवाल्याचं काय झालं ते मात्र सांगतो, कारण लोक विचारतात. चाक रात्री नऊ वाजता आलं आणि तोवर गावानं आम्हाला जेवू घातलं होतं. डबे तसेच परत आले, त्याबद्दल घरी बोलणी खाल्ली.

नमस्कार.