खरखर आणि टाचा

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, 'स्पॅनिश लोकगीत, अभिजात संगीत आणि फ्लॅमेंको यांचा संगम'. फ्लॅमेंको म्हणजे दक्षिण स्पेनमधला गाण्या-नाचाचा प्रकार. संगमापर्यंत पोचू, वेळ उरला तर. आधी माझं गाऱ्हाणं ऐका.

१९३१ साली ला अर्जेंतिनीता या बाईंनी दहा जुनी स्पॅनिश लोकगीतं पाच तबकड्यांवर ध्वनिमुद्रित केली. पियानोच्या साथीला कोण? फेदेरिको गार्सिया लोर्का. हो, तोच, कवी! बाई मूळच्या नर्तकी. त्यामुळे गाता गाता हातात कास्टानेट, म्हणजे चिपळ्यांसारखं लाकडी वाद्य, वाजतायत आणि पायांत टाचांचा ठेका चाललाय. लावणी पाहिलेल्या माणसाला याचं नवल वाटायचं कारण नाही.

तर या गाण्यांची प्रत मी एका तंत्रज्ञ मित्राला दिली. "सर, खरखर फार आहे. काढून देतो." आठवड्यानं प्रत आली. स्वच्छ! इतकी स्वच्छ की कास्टानेट बोथट झालेली आणि टाचा गायब. टक् वाजलं की यंत्राला वाटायचं, तबकडीवरचा ओरखडा, पुसा! मी म्हटलं, "अरे, बाईंचे पायच काढलेस की!" (हशा) तो म्हणाला, "पण आवाज किती गोड झालाय!" तिथंच माझं बिनसलं. गोड करायला सांगितलं होतं कुणी?

आणि बाईंचा आवाज गोड नाहीच हो. बारीक आहे, ऑपेराला पुरणारा नाही. लोर्काला त्याची पूर्ण कल्पना असणार. १९२० साली त्याचं पहिलं नाटक माद्रिदला प्रेक्षकांनी टर उडवून पाडलं, त्यात फुलपाखरू झाल्या होत्या त्या याच. एकत्र पडलेल्या माणसांचं जमतं पुढे. असो.

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. तर संगम. लोर्का कवितेआधी पियानो शिकला, तेव्हा अभिजात बाजू त्याची. पण पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या श्रुती पियानोला लागत नाहीत, आणि फ्लॅमेंकोचा गळा राहतो नेमका तिथंच. मान्वेल दे फाय्या या संगीतकारानं १९२२ मध्ये या सूक्ष्म स्वरांचं नातं थेट भारतीय गायकीशी जोडलं होतं. तो वेगळ्या व्याख्यानाचा विषय, बोलवा कधी. मुद्दा असा की, जे पियानोला जमत नाही त्याच्या मागे लोर्का लागतच नाही. तो चाल धरून बसतो, लोकगीत बाई साधेपणानं म्हणतात आणि फ्लॅमेंको येतो तो टाचांतून. म्हणून माझा जीव त्या टकटकीवर.

पुढचं भराभर सांगतो. १९३३ मध्ये बाईंनी अंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या, म्हाताऱ्या जिप्सी नर्तकींना रंगमंचावर आणलं. १९३६ मध्ये लोर्काला गोळ्या घातल्या. बाई १९४५ मध्ये न्यूयॉर्कला गेल्या, म्हणजे वारल्या.

उठू नका, एक गाणं राहिलंय. त्या दहांतलंच 'सोरोंगो' लावतो, खरखरीसकट. तो पंखा जरा बंद करता का?