‘मालकाचं नाव’ हा रकाना

(परभणी जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात एका निवृत्त पशुधन विकास अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. कुत्र्यांवर व्याख्यान आहे म्हटल्यावर आमच्या घरून पहिला प्रश्न आला, "ऐकायला येणार कोण?" खुर्च्या तर भरलेल्या दिसतात. दोन श्रोते बाहेर पायरीवरही बसलेत, पण ते सभासद नसल्यामुळे त्यांना आत घेता आलं नाही.

जनावरांच्या दवाखान्यात एक नोंदवही असते. तारीख, मालकाचं नाव, गाव, जनावर, आजार, उपचार. बैल आणलेला माणूस स्वतःचं नाव बापाच्या नावासकट सांगतो. शेळीवालीसुद्धा सांगते. कुत्रं आलं, की मी विचारायचो, "मालकाचं नाव?" आणि आणणारा मागे वळून बघायचा. "माझं नाही हो साहेब ते. आमच्या दारात असतंय." किती वर्षांपासून? "झाले असतील पाच-सहा." भाकरी कोण घालतं? "आमच्याच घरची खातंय की." तरीही तो रकाना रिकामाच.

उलट, माळेगावच्या यात्रेत बघा. लोहा तालुक्यातलं आपलं खंडोबाचं माळेगाव. घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार तर भरतोच, शिवाय श्वानांचं प्रदर्शनही असतं. तिथे एकही कुत्रं बेवारस नसतं. प्रत्येकाच्या पट्ट्याला एक फेटेवाला धरून उभा असतो, फोटो काढून घेतो, वंशावळ सांगतो. बक्षिसाला मालक असतो. चावल्यावर मात्र तेच कुत्रं गल्लीचं होतं. मला आज एवढंच बोलायचं आहे, की हा रकाना भरायचा म्हणजे नेमकं काय काय करायचं.

आधी माझा स्वतःचा मूर्खपणा सांगतो. नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. एका गावातून निरोप आला, म्हैस खाईना झाली आहे, तोंडातून लाळ गळायली, घशात काहीतरी अडकलंय. मी गेलो. परभणीच्या महाविद्यालयातून पदवी घेऊन बाहेर पडलेला ताजा डॉक्टर, सगळं गाव बघायला जमलेलं. बाही वर केली आणि उघडा हात थेट म्हशीच्या घशात घातला. अडकलेलं काहीच नव्हतं. बाहेर येताना हाताला दात घासला, कोपरापर्यंत लाळ. मग म्हैस ओरडली. तो आवाज घोगरा होता, चिरका होता, म्हशीचा वाटत नव्हता. तेव्हा डोक्यात उजेड पडला. विचारलं, "हिला कुत्रं चावलं होतं का?" म्हातारी म्हणाली, "झाला की दीड महिना."

जनावर पिसाळतं, म्हणजे त्याला रेबीज होतो, तेव्हा ते धावून अंगावर येतं, असं आपल्याला वाटतं. काही येतातही. पण पिसाळण्याचा दुसरा, मुका प्रकार आहे. घशाचे स्नायू लुळे पडतात, गिळता येत नाही, म्हणून लाळ गळते. कुत्र्याचा खालचा जबडा लोंबतो, आणि घरचा माणूस मायेने हाड अडकलंय का बघायला तोंडात हात घालतो. तुम्ही घालू नका. डॉक्टरही हातमोजे घातल्याशिवाय घालत नाही. म्हणजे शहाणा डॉक्टर.

ती म्हैस चौथ्या दिवशी गेली. गावात घबराट, कारण निम्म्या आळीने तिचं दूध प्यायलेलं. उकळलेल्या दुधातून हा रोग होत नाही, हे समजावता समजावता माझा घसा बसला. मला स्वतःला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. ती जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची, २००५ च्या सुमारास आपल्या देशात ती बंदच झाली. आता दंडात चार-पाच टोचण्या असतात. पण ‘चौदा इंजेक्शनं पोटात’ ही दहशत अजून एवढी आहे, की लोक त्या भीतीनेच दवाखान्यात जात नाहीत.

आणि ते कुत्रं कुणाचं होतं? मी गावात तीन दिवस विचारत होतो. कुणाचंच नव्हतं. शेवटी एका पोराने सांगितलं, की ते चार वर्षं एका घरच्या गोठ्यात झोपत होतं, आणि त्याला नावही होतं. नाव घरातल्या लेकरांनीच ठेवलेलं.

कुत्रं चावल्यावर काय करायचं, ते नीट ऐका. आपल्याकडे जखमेत तिखट भरतात, चुना लावतात, कुणी उतारा करून घेतं. यातलं काही नको. साबण आणि वाहतं पाणी, १५ मिनिटं. साबणच का? या विषाणूच्या भोवती स्निग्ध पदार्थाचं आवरण असतं, साबणाने ते विरघळतं आणि विषाणू तिथेच मरतो. तिखटाने फक्त जखम चिघळते. आता तुम्ही म्हणाल, वाहतं पाणी आणायचं कुठून, आमच्या नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं. बरोबर आहे. २०१६ ला मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तो आपलाच मुलूख. पण घागर आणि तांब्या तर घरात असतो ना? एकाने ओतायचं, एकाने धुवायचं. तेही वाहतंच पाणी.

मग त्याच दिवशी सरकारी दवाखाना. लस कातडीत देतात तेव्हा पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी. दंडाच्या स्नायूत दिली तर आणखी एक, १४ व्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेच्या आत आणि भोवती सिरम द्यावं लागतं, ते लसीपेक्षा वेगळं. डॉक्टरांना आठवण करून द्यायला लाजू नका. हा विषाणू नसांच्या वाटेने मेंदूकडे सरकतो, त्यामुळे चेहऱ्यावर, मानेवर, बोटांना चावलं असेल तर वेळ कमी असतो. एकदा लक्षणं दिसली, की माणूस वाचत नाही असंच समजा. कुत्रं ओळखीचं असेल तर १० दिवस बांधून त्याच्यावर लक्ष ठेवायचं. मारायचं नाही. दहा दिवस ठणठणीत राहिलं तर चावताना त्याच्या लाळेत विषाणू नव्हता. आता बघा, ओळखीचं कुत्रं म्हणजे काय? ज्याला मालक आहे ते. बेवारस कुत्रं संध्याकाळपर्यंत दिसेनासं होतं, किंवा लोक काठ्यांनी मारून टाकतात.

तर लस. पिल्लू तीन महिन्यांचं झालं, की रेबीजची पहिली, पुढे डॉक्टर सांगतील तो बूस्टर, मग दरवर्षी. पिल्लांना त्याआधी, सहा ते आठ आठवड्यांपासून, पार्वो आणि डिस्टेंपर या जीवघेण्या रोगांची लस लागते. रक्ताची हगवण लागून दोन दिवसांत पिल्लू जातं आणि लोक म्हणतात नजर लागली. ती नजर नाही, पार्वो असतो. जंताचं औषध पिल्लांना दर पंधरवड्याला, मोठ्या कुत्र्याला तीन महिन्यांनी.

लस कुठे मिळेल? तुमच्या जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना, तालुक्याचं लघु पशुचिकित्सालय, जिल्ह्याचं सर्वचिकित्सालय. हे फक्त गाई-म्हशींसाठी आहेत, असा गैरसमज आहे. लस तिथे शिल्लक नसेल तर मेडिकलमधून आणून द्या, पण लस २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. मे महिन्यात लस शर्टाच्या खिशात घालून मोटारसायकलवर तीस किलोमीटर आलेले लोक मी पाहिलेत. ती लस नव्हे, नुसतं पाणी. थर्मासमध्ये बर्फ घाला. आणि दुकानदाराला विचारा, लाईट जाते तेव्हा फ्रिजचं काय करता? त्याला राग आला तरी विचारा. अवघड दुखणं असेल, शस्त्रक्रिया असेल, तर आपल्याकडे परभणी आणि उदगीर अशी दोन पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, दोन्ही नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची. मराठवाड्याबाहेर जायची गरज सहसा पडत नाही. १९६२ हा फोन फिरत्या पथकाचा आहे, तो मुख्यतः गुराढोरांसाठी, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या त्यांच्या शिव्या मला.

लसीचं कार्ड जपून ठेवा. माझ्या मते मालकीचा तोच सातबारा.

आता गोचीड. यावर मी जरा चिडून बोलणार आहे. आपला कापसाचा मुलूख, घरात फवारणीच्या बाटल्या पडलेल्या असतात. कुत्र्याला गोचीड झाल्या, की लोक तेच औषध बादलीत मिसळतात आणि कुत्र्याला आंघोळ घालतात. नाहीतर बैलासाठी आणलेलं गोचिडाचं औषध, तेही अंदाजपंचे. कुत्रं अंग चाटतं. तासाभरात लाळ, थरथर, उभं राहता येईना. अशी कुत्री माझ्याकडे किती आली याचा हिशेब नाही, आणि सगळी प्रेमाने न्हाऊ घातलेली! काही वाचली, कारण माणसाने बाटली सोबत आणली होती आणि मला विष कोणतं ते कळलं. बाटली लपवू नका, एवढं तरी करा. गोचीड नुसतं रक्त पीत नाही, तिच्यामुळे ताप येतो, कुत्र्याच्या हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. म्हणून औषध हवंच, पण कुत्र्याचं, आणि वजन करून. गोठ्याच्या भिंतीच्या भेगाही लिंपून घ्या, अंडी तिथेच असतात.

जातीबद्दल एक शब्द. शब्द म्हटलं, पण जास्त होतील. परवा एका ओळखीच्या घरी हस्की पाहिला. बर्फात गाडी ओढणारं जनावर, आपल्याकडे पारा ४२ च्या पुढे, आणि ते बिचारं न्हाणीघराच्या फरशीवर पोट टेकून पडलेलं. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तळव्यांना थोडा, बाकी सगळं धापा टाकून. हवाच तापलेली असेल तर धापेने गार होणार कसं? एसी दिवसभर लावता येत असेल तर आणा. नाहीतर उन्हाळ्यात ते जिवंत ठेवणं हीच नोकरी होऊन बसते.

आपल्या मातीतलं कुत्रं आहे ना! कारवान. चाकूर तालुक्यातलं जानवळ त्यासाठी नावाजलेलं आहे. लांब तोंड, आत गेलेलं पोट, आखूड केस. कानांना, शेपटीला झालर असली तर पश्मी. सीमेपलीकडे कर्नाटकात त्यालाच मुधोळ म्हणतात, २००५ साली मुधोळवर टपाल तिकीट निघालं. ऊन सोसतं, ज्वारीच्या भाकरीवर राहतं, दुखणी कमी. पण ते पळण्यासाठी जन्मलेलं आहे. दोन खोल्यांच्या घरात दोन फुटांच्या साखळीला कारवान बांधणं म्हणजे शर्यतीचा घोडा मोरीत उभा करणं. आणि कुणी हळूच म्हणेल, आम्ही त्याला सशामागे सोडतो, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. पिल्लू घेताना ते आठ आठवड्यांच्या आतलं असेल तर घेऊ नका. तसं विकणं नियमात बसत नाही, आणि आईपासून लवकर तोडलेलं पिल्लू पुढे चावरं होतं, हा माझा अनुभव.

कायद्याचं थोडक्यात. १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात कुत्र्याला आखूड साखळीने तासन्‌तास बांधून ठेवणं, सतत बांधलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं, पाळलेलं जनावर सोडून देणं, हे सगळं गुन्ह्यात मोडतं. पहिल्या गुन्ह्याचा दंड माहितीये? दहा ते पन्नास रुपये. (हशा) हसा, पण आता भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ ऐका. तुमच्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तिथे ‘आमच्या दारात असतंय’ चालत नाही. महापालिकेच्या हद्दीत राहत असाल तर कुत्र्याची नोंदणी करून घ्या, तिथेही तोच रकाना भरायचा असतो.

आणि कुत्री असेल तर नसबंदी. वर्षातून दोनदा माजावर येते, ६३ दिवसांत विते, पाच-सहा पिल्लं. ‘एकदा तरी आई होऊ द्या’ म्हणणाऱ्या माणसाला मी विचारतो, पिल्लं कुठे देणार? तो म्हणतो, देऊ कुणाला तरी. ती पिल्लं पुढे गोणीत घालून आठवडी बाजारात सोडलेली असतात. शस्त्रक्रिया न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात म्हातारपणी पू होऊ शकतो, आणि तेव्हाची शस्त्रक्रिया जिवावरची असते. गल्लीतल्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला दिसला तर त्याला कुणी मारलेलं नाही, नसबंदी झाल्याची ती खूण आहे.

(प्रश्नोत्तरांतून)

नामदेव महाराजांची गोष्ट विचारली आहे. हो, नरसी आपल्याच हिंगोली जिल्ह्यात. कुत्र्याने पोळी पळवली, महाराज तुपाची वाटी घेऊन मागे धावले, कोरडी खाऊ नको रे म्हणून. फार सुंदर गोष्ट. पण डॉक्टर म्हणून सांगतो, तूप बेताने. कांदा, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नको. शिजवलेली हाडंही नको, ती चिरफाळतात आणि आतडं फाडतात. अंगात ताप वाटला म्हणून घरातली माणसांची गोळी तर मुळीच देऊ नका.

मागच्या बाकावरून मुलीने विचारलंय, "आमच्या अंगणात एक कुत्रं येतं, आम्ही रोज भाकरी टाकतो, ते आमचं का?" बाळ, ते तुमचं ठरायला खर्च येईल. दरवर्षीची लस, जंताचं औषध, एक पट्टा, चावलं तर पुढे यायची तयारी. घरी विचार. वडील हो म्हणाले तर सोमवारी सकाळी दवाखाना उघडल्या उघडल्या घेऊन ये. आधी चार दिवस पट्ट्याची सवय लाव, नाहीतर ते दारातूनच पळेल. कुत्र्याच्या तोंडाला लावायची जाळीची टोपी दवाखान्यात मिळेल असं धरू नकोस, सुती ओढणी आण, तोंड कसं बांधायचं ते डॉक्टर दाखवतील. आणि नोंदवहीत नाव वडिलांचं लिहितात की तुझं, ते घरून ठरवून ये, तिथे उभं राहून भांडू नका. मागे रांग असते.