थॅडियस स्टीव्हन्स : तिजोरी सांभाळणारा बंडखोर

श्रोतेहो, नमस्कार.

अमेरिकेतल्या यादवी युद्धाचा विषय निघाला की लिंकन आठवतात. मला आज बोलायचंय ते थॅडियस स्टीव्हन्स यांच्याविषयी. पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरचे हे वकील, जन्मापासून एका पायानं अधू. १८६१ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा त्यांनी सत्तरी गाठत आणली होती, आणि त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाच्या अर्थसमितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं.

युद्धाला पैसा लागतो. सैनिकांचे पगार थकत होते, तिजोरीत सोनं पुरत नव्हतं. फेब्रुवारी १८६२ मध्ये कायदा झाला आणि सरकारनं पंधरा कोटी डॉलरच्या कागदी नोटा काढल्या. मागची बाजू हिरवी, म्हणून लोक त्यांना ‘ग्रीनबॅक’ म्हणू लागले. स्टीव्हन्स यांनी या कायद्यासाठी जिवाचं रान केलं. पण वरिष्ठ सभागृहानं त्यात एक कलम घुसवलं : सरकारी रोख्यांवरचं व्याज सोन्यातच द्यायचं. सावकाराच्या हातात सोनं आणि रणांगणावरच्या शिपायाच्या हातात कागद, हे त्यांना सहन होईना. नाइलाजानं त्यांनी ते पत्करलं, कारण सैन्याला पैसा हवा होता. गुलामांना मुक्त करा, त्यांच्या हाती बंदुका द्या, असंही ते लिंकन यांच्या फार आधीपासून सांगत होते.

त्याची किंमत त्यांनी मोजली. गेटिसबर्गजवळ कॅलेडोनिया इथं त्यांचा लोखंडाचा कारखाना होता. जून १८६३ मध्ये, गेटिसबर्गच्या लढाईच्या काही दिवस आधी, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढणाऱ्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या फौजेनं तो जाळून टाकला. स्टीव्हन्स यांना काळजी लागली ती तिथल्या गरीब कामगारांच्या कुटुंबांची. ही गोष्ट मला फार मोठी वाटते.

३१ जानेवारी १८६५. गुलामगिरी संपवणारी तेरावी घटनादुरुस्ती प्रतिनिधिगृहात ११९ विरुद्ध ५६ मतांनी मंजूर झाली. आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, त्यांत माझ्या डोळ्यांसमोर आधी स्टीव्हन्स येतात.

ऑगस्ट १८६८ मध्ये ते गेले. इतर दफनभूमींत वर्ण पाहून जागा देत, म्हणून त्यांनी लँकेस्टरमधली एक साधी, सर्वांना खुली दफनभूमी स्वतःच निवडली होती. थडग्यावरचा मजकूरही त्यांचाच. ही जागा का निवडली, ते त्यावर कोरलेलं आहे.