आधी खाली बघा

बसा बसा, पुढे जागा आहे अजून. तर मला विषय दिलाय जुनी शहरं आणि प्राचीन अवशेष कसे बघावे, आणि माझं त्यावर एकच म्हणणं आहे, आधी खाली बघा. आपण आत शिरलो की माना वर करतो, खांब, कमानी, मूर्ती, मग मोबाईल वर आणि झालं. शहर जगलं कसं ते मात्र पायाशी असतं, पाणी कुठून आलं, घाण कुठे गेली, गाड्या कशा वळल्या.

इटलीतलं पाँपेई घ्या. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेलं शहर, अजूनही साधारण तिसरा हिस्सा उकरलेलाच नाहीये. सगळी गर्दी भित्तिचित्रांकडे आणि त्या प्लास्टरच्या माणसांकडे, म्हणजे राखेत मेलेल्यांच्या देहांच्या पोकळीत प्लास्टर ओतून काढलेल्या आकृत्यांकडे, पळते, मीपण पळालो होतो. पण नुसतं रस्त्यात उभं राहा ना दोन मिनिटं. रस्ता फूटपाथच्या बराच खाली, आणि मध्येच मोठाले दगड आडवे मांडलेत, का, तर रस्त्यावरून पावसाचं पाणी, सांडपाणी, जनावरांची घाण सगळं वाहायचं आणि लोकांना पाय न भरवता पलीकडे जायचं असायचं. आता त्या दगडांमधली फट बघा, बरोब्बर गाडीची चाकं जातील एवढी. आणि तिथेच फरसबंदीत चाकांनी खोल घळ पाडलीय. आपण चाकोरी चाकोरी म्हणतो ना, ती ही, दगडातली, बोट घालून बघता येते. या चाकोऱ्या आणि कोपऱ्यांवरच्या दगडांची झीज मोजून अभ्यासकांनी कुठला रस्ता वन-वे होता तेसुद्धा काढलंय! मला हे कुठल्याही मंदिरापेक्षा भारी वाटतं, तुम्हाला नसेल वाटत तर असू दे.

एफेससला, म्हणजे आजच्या तुर्कीत, सेल्ससच्या ग्रंथालयाचा दर्शनी भाग असतो ना सगळ्यांच्या फोटोत, तो पडलेल्या तुकड्यांतून १९७० च्या दशकात परत उभा केलाय. वाईट काही नाही त्यात, फक्त माहीत असावं. पण तिथला तो रुंद रस्ता, बंदराकडे जाणारा, तो शेवटपर्यंत नजरेने धरा. रस्ता बंदराचा आणि समोर समुद्रच नाही, दलदल आहे. नदीने गाळ आणून आणून समुद्र काही किलोमीटर मागे ढकलला, बंदर गेलं, मग व्यापार गेला, आणि हळूहळू माणसंही गेली. शहर का ओस पडलं याचं निम्मं उत्तर त्या रस्त्याच्या टोकाला आहे आणि तिकडे कोणी बघत नाही.

वेळेचं एक सांगतो पटकन. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर जा, तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही वाचता येतात, दुपारी सगळं सपाट दिसतं. दुपार म्युझियमला द्या.

ही चिठ्ठी आलीय, गाइड घ्यावा का. घ्या की, पण त्याला पहिला प्रश्न पाण्याचा विचारा. जॉर्डनमध्ये पेट्राला जाताना सव्वाएक किलोमीटरची अरुंद घळ लागते, सीक म्हणतात, तिच्या कडेला नबाती लोकांनी, म्हणजे तिथल्या प्राचीन अरब लोकांनी, कातळात पाण्याचे पाट खोदलेत आणि समोरच्या बाजूला मातीचे पाइप बसवले होते, वाळवंटात शहर उभं राहिलं ते त्यावर. मी जाताना हे सगळं कंबरेच्या उंचीला असून चुकवलं, कारण डोळे घळीच्या टोकाला, अल-खझ्नेह, ते कातळात कोरलेलं प्रसिद्ध स्मारक, कधी दिसतंय याकडे. परत येताना दिसलं. हो, खझ्नेह म्हणजे आपला खजिनाच. दर्शनी भागावर सगळ्यात वर एक कलश आहे, त्यात सोनं असेल म्हणून लोकांनी गोळ्या झाडल्या, खुणा अजून दिसतात. कलश भरीव दगडाचा आहे.