प्रकाशाचा वेग पूर्वी वेगळा होता का?

नमस्कार श्रोतेहो.

माझा आवाज तुमच्यापर्यंत आणणाऱ्या रेडिओलहरी प्रकाशाच्याच वेगाने धावतात, सेकंदाला जवळजवळ तीन लाख किलोमीटर. रत्नागिरीहून वेंगुर्ल्याला जायला त्यांना सेकंदाचा दोन हजारावा भागही पुरतो. एसटीला किती लागतो, ते तुम्हीच जाणता.

हा वेग कधीही बदलत नाही, असं आपण शाळेत शिकलो. पण बदलत असेल तर, हा विचार खुद्द आइन्स्टाइनने केला होता. आपल्या पुळणीवर बघा, लाट तिरकी आली तरी किनाऱ्याशी वळते. तिचं जे टोक आधी उथळ पाण्यात शिरतं, त्याचा वेग कमी होतो आणि उरलेली लाट त्याच्याभोवती फिरते. सूर्याजवळ प्रकाशाचा वेग असाच कमी होतो असं धरून, 1911 साली आइन्स्टाइनने प्रकाश किती वळेल याचं गणित मांडलं. उत्तर निम्मंच आलं. 1915 साली सापेक्षतेचा पूर्ण सिद्धांत हाती आल्यावर ते दुप्पट झालं, आणि 1919च्या ग्रहणात तेच खरं ठरलं.

मग हा विषय पुन्हा का निघाला? विश्वाच्या आरंभीची ऊब आजही आकाशभर पसरलेली आहे. तिचं तापमान निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे ज्याहून थंड काही असूच शकत नाही त्याच्या, वर फक्त 2.725 अंश. पण पूर्वेकडे बघा की पश्चिमेकडे, ते सारखंच, फरक लाखात एखाद्या भागाचा. आता ही दोन टोकं एकमेकांपासून इतकी दूर, की एकाची उष्णता दुसऱ्याकडे पोचायला वेळच मिळाला नसता. यावर भौतिकशास्त्रज्ञ ॲलन गूथ यांचा उपाय होता, विश्व सुरुवातीला एका क्षणात प्रचंड फुगलं. बहुतेकांनी तो मानला. जॉन मोफॅट यांनी 1990च्या दशकाच्या आरंभी उलट बाजूने विचार केला. विश्व फुगलं नसेल, प्रकाशच तेव्हा कितीतरी वेगवान असेल. 1999 साली अँड्रियास अल्ब्रेक्ट आणि झ्वाव मागेइजो यांनीही हीच वाट धरली.

ऐकायला छान वाटतं. पण मोजायचं कशाने? इथे माझं मन सावध होतं. 1926 साली मायकेलसन यांनी प्रकाशाचा वेग सेकंदाला 2,99,796 किलोमीटर मोजला. 1930च्या दशकात आकडे आले 2,99,774च्या आसपास. लगेच काहींनी जाहीर केलं की प्रकाश मंदावतोय! 1950 साली लुई एसेन यांच्या उपकरणाने 2,99,792.5 दाखवलं. मंदावला होता तो मोजणाऱ्यांचा हात. वेगवेगळ्या प्रयोगांचे आकडे एकमेकांशी जुळले, म्हणजे ते बरोबरच असतात असं नाही.

आणखी एक पेच आहे. 1983पासून मीटरची व्याख्याच प्रकाशावरून ठरते. सेकंदाच्या 29,97,92,458व्या भागात तो जेवढा जातो, तेवढा एक मीटर. म्हणजे मोजपट्टीच प्रकाशाची! त्यामुळे ज्याला एककच नाही, असा आकडा शोधावा लागतो. तसा एक आहे, सुमारे 137पैकी एक. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार, प्लांकचा स्थिरांक आणि प्रकाशाचा वेग यांच्यातून तो बनतो. अणूंच्या वर्णपटातल्या रेषांमधली अंतरं त्यावर ठरतात.

वर्णपट म्हटला की आपल्याला विजयदुर्ग आठवायलाच हवा. 22 जानेवारी 1898च्या खग्रास ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तिथे तळ ठोकून होते. हेलियमची पिवळी रेषा त्यांनी 1868 सालीच इंग्लंडमधून पाहिली होती. गजालीत मात्र त्या शोधाचा पत्ता सरकत सरकत विजयदुर्गावर आला, इतकंच.

आज अशाच रेषा, म्हणजे मॅग्नेशियम आणि लोखंडाच्या, अतिदूरच्या क्वेसारांच्या, म्हणजे दीर्घिकांच्या अतितेजस्वी केंद्रांच्या, प्रकाशात तपासतात. जॉन वेब यांच्या गटाला 1999नंतर त्यांवरून त्या 137पैकी एक या आकड्यात लाखात एका भागाएवढा फरक दिसला, पण इतरांना तो सापडला नाही. आफ्रिकेतल्या गॅबॉनमध्ये ओक्लो इथे सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीतच नैसर्गिक अणुभट्टी पेटली होती. तिथल्या समारियम या मूलद्रव्यावरून दिसतं, की तेव्हापासून तो आकडा बदललाच असला, तर कोटीत एखाद्या भागाइतकाच. आणि बदल सापडला तरी तो वेगाचा की विद्युतभाराचा, हा वाद उरतोच.

तरीही या मंडळींबद्दल मला आदर वाटतो तो 2016मुळे. त्या वर्षी नियायेश अफशोर्दी आणि मागेइजो यांनी नेमका आकडा सांगून टाकला. आरंभीच्या त्या उबेतले बारीक चढउतार मोठ्या आणि लहान आकारांत कसे वाटले गेले, ते दाखवणारी संख्या त्यांच्या मते 0.96478 असायला हवी. प्लांक उपग्रहाचं मोजमाप 0.9649, चूक 0.0042 इकडे किंवा तिकडे. जुळतं! पण विश्व फुगल्याचा सिद्धांतही त्याच पट्ट्यात बसतो. पुढच्या मोजमापात ही चूक दहापट कमी झाली आणि आकडा 0.96478पासून सरकला, तर त्यांची ही मांडणी कोसळेल.