सड्यावरची माती, खाचरातलं भात

(वरून दृश्य: लाल सडा, उतारावर झाडी, खाली भाताची खाचरं)

बेळगावच्या पश्चिमेला, बोकनूर-नावग्याच्या बाजूला, डोंगर माथ्यावर एकदम सपाट होतात. हे सडे. वर जांभा आणि जांभ्याच्या पोटात बॉक्साइट, म्हणजे ॲल्युमिनियमचं खनिज. लाखो वर्षांच्या पावसानं काळ्या दगडातली सिलिका आणि चुना धुऊन नेला. मागं राहिलं ते लोखंड आणि ॲल्युमिनियम. वरचं कवच शाबूत होतं तोवर ते तिथंच पडून होतं.

(जुनी खाण, कडेला ढिगारे)

खाण सुरू करताना आधी झाडी जाते, मग जांभ्याचा थर फोडतात. कामाचा माल ट्रकात आणि बिनकामाचा उतारावर. मिरगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की हे ढिगारे जागा सोडतात.

(लाल ओहोळ, कॅमेरा पाण्याबरोबर)

हा ओहोळ बघत राहा. रस्त्याखालच्या मोरीतून निघाला, पहिल्या खाचरात शिरला. तिथं भरला, बांधावरून दुसऱ्यात उतरला. भाताला पाणी तुंबवावंच लागतं, म्हणून गाळ पुढं जात नाही, खाचरातच बसतो. नांगरटीत तो मातीत मिसळला की वेगळा ओळखू येत नाही.

(चिखलात रोपलावणी करणाऱ्या बायका)

आता मातीतला धातू दाण्यात कसा चढतो? मुसळधार पावसाच्या या लाल जमिनी मुळातच आम्लधर्मी. अशा जमिनीत ॲल्युमिनियम सुटा होतो आणि मुळांची टोकं खुरटतात. कॅडमियमसारखा विषारी धातू असेल तर तोही मुळांना सहज मिळतो. मग पाण्याचा खेळ. खाचरात पाणी उभं असतं तोवर कॅडमियम गंधकाला धरून बसतं. दाणा भरताना पाणी सोडलं, जमिनीला हवा लागली, की ते मोकळं होतं आणि मुळावाटे वर सरकतं. आर्सेनिकचं नेमकं उलट, त्याला उभं पाणीच मानवतं. एकाला आवरायला जावं तर दुसरा डोकं वर काढतो.

(नकाशा: जपान, तोयामा)

कामिओकाच्या जस्त-शिशाच्या खाणीचं कॅडमियम जिंझू नदीत उतरलं आणि नदीच्या पाण्यावर भात पिकला. मूत्रपिंडं गेली, हाडं ठिसूळ झाली, आजारी पडल्या त्या बहुतेक बायका. 1968 मध्ये सरकारनं ‘इताई-इताई’ हा प्रदूषणाचा आजार असल्याचं मान्य केलं. तिथली 800हून अधिक हेक्टर शेतजमीन दुरुस्त करण्याचं काम 2012 पर्यंत चाललं.

बॉक्साइटमध्ये कॅडमियम नावालाच असतं, हे इथंच सांगून टाकलेलं बरं. आपल्याकडं शोधायचं ते ॲल्युमिनियम, क्रोमियम, व्हॅनेडियम. (कॅडमियम थोडंफार येतं ते सुपरफॉस्फेटच्या पोत्यातून, पण त्याकडं कोण बघतो!) धातू वेगळे, तरी डोंगरावरून ताटात यायची वाट तीच.

(ओसरीवर आजी, हातात मृदा आरोग्य कार्ड)

2015 पासून देशभर हे कार्ड मिळतं. आजींचं कन्नडमध्ये आहे, नात वाचून दाखवते. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब. बारा रकाने. पिकाला काय कमी पडतं ते सगळं यात आहे. माणसाला काय बाधेल त्याचा एकही रकाना नाही. तांदळात कॅडमियम किलोमागे 0.4 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी कोडेक्सची, म्हणजे अन्नाची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणाऱ्या संस्थेची, मर्यादा आहे. ती पाळायची तर कुणीतरी मोजायला नको का?

(माती काढणारे हात, अगदी जवळून)

मोजणं फार अवघड नाही. वरचा पालापाचोळा बाजूला सारायचा, वीतभर खोल खड्डा घ्यायचा. एकाच शेतात आठ-दहा ठिकाणची माती काढायची. लोखंडी खुरपं नको, प्लास्टिकचं घ्यायचं, नाहीतर खुरप्याचाच धातू मोजला जायचा. सगळी माती मिसळायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, अर्धा किलो उरेपर्यंत. एक नमुना खाणीखालच्या खाचरातला, दुसरा जिथं खाणीचं पाणी पोचत नाही तिथला. सोबत दोन्हीकडचं भात.

(रताळ्याचा ढीग, पोती शिवणं चालू)

आणि रताळी. नवरात्राच्या तोंडावर इथून ट्रक भरून जातात. जमिनीत वाढणारं पीक, सालीला माती चिकटलेली. म्हणून त्याचे नमुने दोन: एक सालीसकट, एक सोललेला. घरात उकडलेलं रताळं पोरं सालीसकटच खातात.