खोडरबराच्या कांडीला पितळी पकड

[दृश्य: पेन्सिलने रेखाटलेला म्हाताऱ्या बाईचा चेहरा. खोडरबराचं टोक बुबुळावर टेकतं आणि तिथे पांढरा ठिपका उमटतो.]

ही चमक पांढऱ्या रंगाची नाही. वरचं शिसं उचलून खालचा कागद उघडा केलाय, एवढंच. पण इतक्या बारीक जागेत नेहमीचं चौकोनी खोडरबर शिरत नाही. कोपरा टोकदार असेपर्यंत त्याचं चालतं. कोपरा झिजला की ते शेजारची छटाही घेऊन जातं. म्हणून चित्रकार खोडरबराची कांडी वापरतात. जपानी टोंबो मोनो झीरोची गोल कांडी तर जेमतेम २.३ मिलिमीटर जाड असते.

पुण्यात कोथरूडमधल्या एक ताई मुलांना एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या ड्रॉइंग परीक्षांसाठी शिकवतात. क्लासमध्ये मुलांच्या हातात असतं ते घरी केलेलं होल्डर. त्यात बसते ५ मिलिमीटरची कांडी, म्हणजे बॅटरीवर फिरणाऱ्या खोडरबराची सुटी रिफिल. अप्पा बळवंत चौकात चित्रकलेचं सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारायचं. यंत्र घ्यावं लागत नाही.

मग ही रिफिल जुन्या बॉलपेनात का नाही कोंबायची? बऱ्याच जणांना आधी हेच सुचतं. कंपासपेटी आठवा. सुट्टीनंतर उघडली की खोडरबर पट्टीला चिकटून बसलेलं, आणि ओढून काढलं तर पट्टीवर खड्डा. आजचं पांढरं खोडरबर म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी प्लास्टिक. त्याला मऊ ठेवायला त्यात तेलासारखं एक द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू बाहेर झिरपतं आणि पट्टी-पेनाच्या पॉलिस्टायरीनसारख्या प्लास्टिकमध्ये मुरून त्यालाही मऊ करतं. नव्या खोडरबराला पुठ्ठ्याचं वेष्टण असतं ते नुसतं शोभेला किंवा हात स्वच्छ राहावा म्हणून नव्हे. मुलं ते पहिल्याच दिवशी फाडून टाकतात, ते वेगळं. लाकडावरचं लॅकरही या द्रव्याने चिकट होतं. पितळेला मात्र ते काही करू शकत नाही.

[दृश्य: जुना बाजार. चादरीवर पसरलेले रेडिओ, टेप, रिमोट, पंख्याची पाती.]

ताईंची पितळी नळी येते जुन्या बाजारातून. बाजार भरतो बुधवारी आणि रविवारी. त्या रेडिओच्या मोडक्या अँटेना शोधतात.

“काका, पितळेची आहे ना?”

“मग काय सोन्याची देऊ?”

ताई काही बोलत नाहीत, पर्समधून छोटी कानस काढून कडेला एकदा घासतात. वरच्या चकचकीत मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर अँटेना घ्यायची. पांढरंच दिसलं तर ती स्टीलची, परत ठेवायची.

अँटेनाच का, तर तिच्या नळ्या एकीत एक सरकतात. ५ मिलिमीटरची नळी ज्या नळीत शिरते, तिच्यात ५ मिलिमीटरची कांडीही शिरते. ती झाली होल्डरची नळी, बाहेरून साधारण ६ मिलिमीटर. आणि तिच्यावरून सरकणारी पुढची जाड नळी कापली की त्यातून पकड आवळायची कडी मिळते. कुणीतरी मापं आधीच जुळवून ठेवलेली आहेत. फक्त प्रत्येक नळीचं तोंड आत वळवलेलं असतं, आतली नळी निसटू नये म्हणून. तेवढा तुकडा आधी कापून टाकायचा. आत पातळ पत्र्याच्या स्प्रिंगा निघतात, त्याही काढायच्या.

[दृश्य: टेबलाच्या कडेला लाकडी ठोकळा. त्यातल्या खाचेत आडवी ठेवलेली नळी.]

सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा पुरतो. आत लाकडी काडी घट्ट बसवायची, नाहीतर करवतीखाली नळी चेपते. करवत सोनारकामाची, केसासारख्या पात्याची. तोंडापासून अडीच सेंटिमीटर खोल, आरपार एक चीर, मग नळी पाव फेरा फिरवून दुसरी. दोन चिरांच्या चार पाकळ्या झाल्या. आता काडी काढून पाकळ्या आतून किंचित बाहेर फाकवायच्या. त्यावर मागून कडी चढवायची. कडी पुढे सरकवली की पाकळ्या मिटून कांडी धरतात, मागे घेतली की सोडतात.

ही युक्ती ताईंची नाही, आणि नवीही नाही. पूर्वी युरोपातले चित्रकार खडू आणि कोळसा धरायला असाच चिरलेला पितळी दांडा आणि त्यावर सरकणारी कडी वापरत. त्या काळी खोडायला पावाचा मऊ गर असायचा. रबराने पेन्सिल पुसली जाते याची नोंद इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टलीने १७७० मध्ये केली, तेव्हा लंडनमध्ये उपकरणं बनवणारा एडवर्ड नेर्न रबराचे छोटे तुकडे विकत होता. बटण दाबून खटखट पुढे येणाऱ्या खोडरबराच्या पेनापेक्षा मला ही जुनी कडीच जास्त पटते. खटक्याच्या पेनात कांडी कधीकधी दाबाखाली आत सरकते. इथे पकड किती घट्ट हवी ते बोटच ठरवतं.

एक पथ्य मात्र कडक आहे. पाकळ्यांजवळ आच न्यायची नाही. साच्याच्या भोकातून ओढून बनवलेली पितळी नळी कडक असते, म्हणूनच पाकळी दबून परत उघडते. लाल होईपर्यंत तापवली की पितळ मऊ पडतं, मग वाकवाल तशी वाकलेलीच राहते. त्यामुळे जे चिकटवायचं ते एपॉक्सीच्या गोंदाने, आचेने नाही.

नुसती नळी बोटांत टोचते, तिला मूठ हवी. बुरूड आळीतून आणलेल्या वाळक्या बांबूचं एक पेर, दोन्ही टोकं मोकळी. भोक सैल असेल तर नळीवर दोरा गुंडाळून मग चिकटवायचं. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बांबू आणखी वाळतो आणि तडकतो, म्हणून तोंडाशी बाहेरूनही दोऱ्याचे घट्ट वेढे द्यायचे. मागून कबाबची काडी घातली की झाला दट्ट्या.

कांडी बाहेर ठेवायची चार मिलिमीटर, फार तर पाच. जास्त काढली तर दाब देताच लवते आणि पाकळ्यांच्या कडेवर मोडते. म्हणूनच त्या कडा आतून पॉलिश पेपरने गुळगुळीत केलेल्या हव्यात. टोक ब्लेडने तिरकं कापलं की धार मिळते. केसांतली उजेडाची रेघ ओढायला तीच लागते. एक रिफिल संपत आली की मागून दुसरी ढकलायची, ती पहिलीचा उरलेला तुकडा पुढे सारते.

सात मिलिमीटरच्या आसपासची जाड कांडी असेल तर अँटेना पुरत नाही. मग बोहरी आळीत जाऊन ८ मिलिमीटरची, अर्ध्या मिलिमीटर पत्र्याची पितळी नळी मागायची. जाताना कांडी खिशात ठेवा आणि दुकानातच घालून बघा. कडीसाठी त्याहून एक माप मोठ्या नळीचा तुकडाही तिथूनच घ्या.